१३८ डॉलरची रात्र खरी कितीला?

प्रश्न : ऑर्लँडोच्या डिस्ने व्हेकेशन क्लबमधल्या (ठरावीक वर्षांसाठी मुक्कामाचा हक्क विकणारी टाइमशेअर योजना) बोर्डवॉक या रिसॉर्टचे वर्षाला १५० पॉइंट जुन्या मालकाकडून घेतोय; हे पॉइंट खर्चून तिथे राहता येतं. पॉइंटला ९० डॉलर, दस्तखर्च ६००, वार्षिक देखभाल पॉइंटमागे ९.२०. पॉइंट २०२६ पासूनचे. स्टुडिओला (एका खोलीच्या घराला) रात्री १५ पॉइंट, म्हणून दलाल म्हणतो, १३८ डॉलरला रात्र पडेल. बरोबर आहे का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दलालाने फक्त देखभाल धरली, मुद्दल गिळलं. बोर्डवॉकचा करार ३१ जानेवारी २०४२ ला संपतो. नंतर तुमच्या हाती काही उरत नाही. म्हणजे पॉइंट १६ वर्षांचे, एकूण २,४००. खरेदी १३,५०० अधिक ६००, म्हणजे १४,१०० भागिले २,४०० : पॉइंटला ५.८८. त्यात ९.२० मिळवले की १५.०८, आणि रात्र २२६ डॉलरला.

हाही पहिल्याच वर्षाचा भाव. देखभाल दरसाल ४ टक्के वाढली, तर १६ वर्षांची सरासरी १२.५५ होते आणि रात्र २७६ वर जाते. वर्षाला १५ पॉइंट वाया गेले तर ३०७. (आणि ते जातातच; शुक्रवार-शनिवारला पॉइंट जास्त लागतात, हिशेब तिथेच विस्कटतो.) १४,१०० डॉलरवर बुडालेलं व्याज यात धरलेलंच नाही.

सही करण्याआधी २०२६ चे पॉइंट खरंच शिल्लक आहेत का, ते लेखी घ्या. मालकाने वापरून टाकले असतील, तर भाजक २,२५० होतो. तुलना हॉटेलच्या छापील दराशी नको. दुसऱ्या मालकाकडून तेवढेच पॉइंट भाड्याने किती पडतात, ते विचारा.