होम्सचा वॉटसन: सहायक, साथीदार की सोबती?

प्रश्न असा आला आहे: शेरलॉक होम्सच्या जुन्या इंग्रजी मालिकेला मराठी सबटायटल्स लिहायची आहेत. वॉटसनची ओळख 'होम्सचा सहाय्यक' अशी करून देण्याचा प्रघात आहे, पण विचारणाऱ्याला ते खटकतं. त्याऐवजी 'साथीदार' चालेल का? आणि दोघांनी एकमेकांना 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'?

खटकतं ते बरोबरच आहे. आधी लेखनाचं सांगून टाकतो. 'सहाय'वरून 'सहायक' आणि 'साहाय्य'वरून 'साहाय्यक' ही दोन्ही रूपं बरोबर. 'सहाय्यक' ही दोघांची भेसळ. पण लेखन सुधारलं तरी अर्थ सुधारत नाही. मराठीत सहायक हे पद आहे. सहायक पोलीस निरीक्षक, सहायक प्राध्यापक, सहायक अभियंता. त्याच्या वर साहेब असतो, त्याला पगार असतो, त्याची बदली होते. वॉटसन स्वतः डॉक्टर, अफगाणिस्तानच्या लढाईतून जखमी होऊन परतलेला, बेकर स्ट्रीटच्या जागेचं निम्मं भाडं देणारा. होम्सच्या हाताखाली तो नव्हताच. होम्स स्वतः त्याची ओळख 'माझे मित्र आणि सहकारी' अशी करून देतो.

'साथीदार' शब्द सुंदर आहे, पण या विषयात नेमका नडतो. 'मुख्य आरोपी ताब्यात, दोन साथीदार फरार' हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलं आहे की पोलीस आणि गुन्हा यांच्या आसपास हा शब्द आला की तो चोराकडेच जातो. गाण्याच्या मैफलीत त्याला मान आहे. तबल्यावर, पेटीवर साथ करणारा साथीदार म्हणजे कलावंत. डिटेक्टिव्हच्या गोष्टीत मात्र वाचक त्याच्या हातात बेड्या बघतो. 'हस्तक' त्याहून वाईट. 'सवंगडी' खेळातला. 'जोडीदार' कॅरमच्या पाटावर चालतो, एरवी लग्नाच्या जाहिरातीत जाऊन बसतो.

माझं मत 'सोबती'च्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण मूळ गोष्टीतच सापडतं.

'द स्पेकल्ड बँड' ही कथा १८९२ साली आली. ग्रॅनडा टेलिव्हिजनने १९८४ मध्ये होम्सची मालिका सुरू केली, तिच्या पहिल्याच वर्षी ती पडद्यावरही आली; जेरेमी ब्रेट होम्स, डेव्हिड बर्क वॉटसन. स्टोक मोरन नावाच्या जुन्या वाड्यात एका तरुणीच्या जिवावर बेतलं आहे, आणि रात्री तिच्या खोलीत तिच्याऐवजी हे दोघे बसणार आहेत. निघण्यापूर्वी होम्स सांगतो की तुला नेताना मन कचरतंय, धोका आहे. वॉटसन विचारतो, माझी काही मदत होईल का? यावर होम्स 'हो, मदत होईल' असं म्हणत नाही. तो म्हणतो, तुझं तिथे असणं अमोल ठरेल. झालं, एवढ्यावर वॉटसन निघतो. पुढे दिवा लावायचा नाही, आवाज करायचा नाही, डोळा लागता कामा नये. होम्स पलंगाच्या कडेला छडी घेऊन, वॉटसन खुर्चीत, पिस्तूल हाताशी. बारा वाजतात, एक, दोन, तीन वाजतात. वॉटसन त्या रात्री काही शोधून काढत नाही. तो बसलेला असतो.

विचारलं मदतीबद्दल, उत्तर आलं असण्याबद्दल. मदत करणारा तो सहायक आणि असणारा तो सोबती, हा फरक मराठीत आपोआप पडतो. 'सोबत' मूळ अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. हिंदी-उर्दूतल्या 'सोहबत'ला बऱ्यावाईट संगतीचा वास आहे. तो वास आपण 'संगत' आणि 'संग' यांच्याकडे दिला ('असंगाशी संग आणि प्राणाशी गाठ') आणि 'सोबत' वेगळ्या कामाला लावला. आजीला रात्री सोबत लागते. दवाखान्यात पेशंटच्या सोबतीला कुणीतरी थांबतं. 'जरा पुलापर्यंत सोबत कर' म्हणणाऱ्याला रस्ता माहीत असतो, एकट्याने जायचं नसतं एवढंच. सोबत करणाऱ्याला काही येत असावं अशी अट नाही. त्याने उठून जाऊ नये, एवढी आहे.

टीव्हीच्या संदर्भात तर हा शब्द अधिकच पटतो. पुस्तकात वॉटसनचं मोठं काम निवेदनाचं, आपण सगळं त्याच्या डोळ्यांनी बघतो. पडद्यावर कॅमेरा आला की ते काम त्याच्याकडून जातं. मग हा माणूस दृश्यात कशासाठी उभा आहे, याचं उत्तर मालिकेला द्यावं लागतं. जुन्या चित्रपटांनी त्याला भाबडा करून हशा मिळवला. ग्रॅनडाने तो मार्ग सोडला. बर्कचा आणि १९८६ पासून एडवर्ड हार्डविकचा वॉटसन शहाणा, प्रेमळ, प्रसंगी चिडणारा आहे, आणि होम्सला त्याची गरज आहे हे ब्रेटच्या डोळ्यांत दिसतं.

'एलिमेंटरी' या अमेरिकन मालिकेत (२०१२ ते २०१९) तर सोबत हीच वॉटसनची नोकरी. लुसी लू हिची जोन वॉटसन पूर्वी सर्जन होती. आता व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेल्या माणसाबरोबर काही आठवडे राहायचं, तो पुन्हा नशेकडे वळू नये म्हणून, हा तिचा पेशा आहे. होम्स तिला तसाच भेटतो. त्या पदाला मराठी शब्द बनवायला बसू नये, 'सोबतीण' तयार आहे. पुढे ती तपास शिकते, बरोबरीने धंदा करते, तेव्हा 'भागीदार' म्हणावं. इथे 'जोडीदार' मुळीच नको, कारण दोघांत प्रेमप्रकरण होऊ द्यायचं नाही हे त्या मालिकेने शेवटपर्यंत पाळलं.

आता तू की तुम्ही. मला हा प्रश्न नामापेक्षा मोलाचा वाटतो, कारण 'सोबती' पडद्यावर एकदाच येईल आणि सर्वनाम दर वाक्याला.

इंग्रजीत हा पेच नाही. ज्या भाषांत आहे त्यांनी आपापली उत्तरं काढली. लेनफिल्मच्या सोव्हिएत मालिकेत (१९७९ ते १९८६) वासिली लिवानोव्हचा होम्स आणि विताली सोलोमिनचा वॉटसन एकमेकांना आदरार्थीच बोलतात, आणि तरी त्यांच्यातला जिव्हाळा लपत नाही. बंगालीत तीन पायऱ्या आहेत. सत्यजित राय यांच्या गोष्टींतला डिटेक्टिव्ह फेलूदा आपल्या धाकट्या चुलतभावाला, तोपशेला, 'तुई' म्हणतो, तोपशे त्याला 'तुमि', आणि त्यांचे लेखक मित्र लालमोहनबाबू व फेलूदा परस्परांना 'आपनि'. तिघांचं सगळं नातं त्या तीन शब्दांत आहे. (ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर हा फेलूदा हिंदीत आला तेव्हा शशी कपूर यांच्यासोबत लालमोहनबाबू झाले होते आपले मोहन आगाशे.) मराठीत हे जसंच्या तसं उतरणार नाही, आपल्याकडे धाकटा भाऊही 'दादा, तू येतोस ना?' असंच म्हणतो. हिंदीत 'आप' आणि 'तू' यांच्यामध्ये 'तुम'चा टप्पा आहे. बासू चॅटर्जींच्या १९९३ च्या 'ब्योमकेश बक्षी'त रजित कपूर (डिटेक्टिव्ह ब्योमकेश) आणि के. के. रैना (त्याचा मित्र अजित) यांना तो टप्पा मिळतो. मराठीत 'तुम्ही'वरून उतरलं की थेट 'तू'.

माझा कौल: ग्रॅनडाच्या होम्स-वॉटसनना 'तू' द्या. वर्षानुवर्षं एका घरात राहणारे दोन समवयस्क पुरुष मराठीत अहो-जाहो करू लागले की ते पेढीवरचे दोन कारकून वाटतात. आडनावाने हाक मारण्याची अडचण नाही. 'अरे जोशी, ऐक' हे आपल्या कॉलेजात, हॉस्टेलवर, ऑफिसात रोज चालतं, आणि ते परकेपणाचं नसतं. 'माय डिअर वॉटसन'चं 'माझ्या प्रिय वॉटसन' हे पत्राच्या मायन्यासारखं होतं. 'अरे वॉटसन' किंवा 'बाबा रे' पुरे. १९८८ च्या 'द डेव्हिल्स फूट'मध्ये विषारी धुरातून शुद्धीवर येताना ब्रेटच्या तोंडून एकदम 'जॉन!' निघतं. तिथे काही करू नका, 'जॉन!' एवढंच लिहा. इतके दिवस आडनाव ऐकलेल्या मराठी प्रेक्षकालाही ते कळेल.

बीबीसीच्या 'शेरलॉक'वर (२०१० ते २०१७) कधी काम केलंत तर निराळा विचार करावा लागेल, कारण तिथे ओळख आपल्या डोळ्यांसमोर होते. पहिल्या भागात पहिल्याच भेटीत शेरलॉक जॉनला विचारतो, 'अफगाणिस्तान की इराक?' इथे 'तुम्ही'च हवं. मग 'तू' कुठे आणायचं? शेवटी शेरलॉकला वाचवण्यासाठी कुणीतरी समोरच्या इमारतीतून गोळी झाडलेली असते. खांद्यावर नारिंगी ब्लँकेट घेतलेला शेरलॉक त्या अज्ञात नेमबाजाचं वर्णन पोलीस अधिकारी लेस्ट्रेडला सांगत असतो, तेवढ्यात त्याची नजर जॉनवर जाते, आणि तो आपलं बोलणं मागे घेतो: मला धक्का बसलाय, काहीही बडबडतोय. मग जॉनजवळ जाऊन म्हणतो, नेम चांगला होता. जॉन साळसूदपणे म्हणतो, असणारच, त्या खिडकीतून मारायचा म्हणजे. त्यावर शेरलॉकचं उत्तर मी असं लिहीन: 'ते तुलाच ठाऊक.' पहिलं 'तू' इथे. दुसऱ्या भागात जुन्या ओळखीच्या माणसाला शेरलॉक 'हा माझा मित्र' म्हणून सांगतो आणि जॉन लगेच 'सहकारी' अशी दुरुस्ती करतो. तिथे दोन्ही शब्द शब्दशः ठेवा, 'सोबती' घालू नका, नाहीतर जॉनचं अंग चोरणं दिसणार नाही.

अगाथा ख्रिस्तीचा बेल्जियन डिटेक्टिव्ह पॉयरो आणि त्याचा इंग्रज मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज यांना मात्र माझा नियम लागू नाही. डेव्हिड सुशे यांच्या मालिकेत (१९८९ ते २०१३) पॉयरो परक्या देशात अदबीने वागणारा, मिशीचं टोकही ढळू न देणारा गृहस्थ आहे. तो हेस्टिंग्जला 'मोनामी' (माझ्या मित्रा) म्हणतो ते फ्रेंचमध्येच राहू द्या, आणि सर्वनाम दोघांनाही 'तुम्ही'.