एफडीला हप्ता नसतो

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वय ४४. घरी आई, पत्नी, दोन मुलं. पगार हातात ६२ हजार. गेल्या वर्षी गृहकर्ज काढून लातूरच्या घरावर वरचा मजला चढवला, त्याचा हप्ता २१ हजार. तो मजला नीटच्या क्लासला येणाऱ्या मुलांना भाड्यानं द्यायचा आहे. सध्या नुसता कोबा आहे. ६०० चौरस फुटांत वुडन फ्लोअरिंग करावं म्हणतो, पत्नीचीही फार हौस आहे. लॅमिनेट १९० रुपये फूट, इंजिनिअर्ड वुड ४८० रुपये. फ्लोअरिंगवाला म्हणतो, भाडं महिन्याला दोन हजार जास्त येईल. खात्यातल्या ८५ हजारांना हात न लावता १३ टक्क्यांनी तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज पाच वर्षांसाठी घेतोय. दोन वर्षांपूर्वी बँकेतल्या साहेबांनी एफडी काढून दिली, तिचा दीड लाखाचा तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, तोही त्यातूनच भरीन. दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी ३५ लाख मिळतात. कागदाचा फोटो जोडलाय. लॅमिनेट घ्यावं की इंजिनिअर्ड वुड?

उत्तर : गुरुजी, फरशीचं नंतर बघू. एफडीला हप्ता नसतो. एकदा रक्कम ठेवली की मुदतभर बँक तुमचं देणं लागते. दरवर्षी तुमच्याकडून दीड लाख मागणारी ती एफडी नव्हे. फोटोतला कागद बोनसवाल्या एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेल्या, पॉलिसीचा आहे, विमा रक्कम १५ लाख. आणि ३५ लाखांचा आकडा ८ टक्के परतावा गृहीत धरलेल्या रकान्यातला आहे. शेजारीच ४ टक्क्यांचा रकाना असतो, तो तुम्हाला कुणी वाचून दाखवला नसणार. पगाराचं खातं उघडं दिसतंय म्हणून शिक्षकांना बोलावून असे कागद सही करून घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

३५ लाख मिळालेच असं धरलं, तरी १५ लाख भरून वीस वर्षांनी ते मिळणं म्हणजे वर्षाला साडेपाच टक्के. त्यासाठी तुम्ही १३ टक्क्यांचं कर्ज काढताय. महिन्याचं गणित मांडा : गृहकर्ज २१ हजार, नव्या कर्जाचा हप्ता ६,८००, पॉलिसीचे महिन्याला पडणारे साडेबारा हजार. चाळीस हजार गेले. उरलेल्या बावीस हजारांत पाच माणसांचं घर, मुलांच्या फिया, आईची औषधं. पुढच्या वर्षी चौथा हप्ता कुठून भरणार? आणखी एका कर्जातून?

आता तुम्ही म्हणाल, तीन लाख भरलेत, ते बुडवू का? प्रश्न रास्त आहे. दोन वर्षांचे हप्ते भरून पॉलिसी मोडली तर मिळणारं हमीचं सरेंडर मूल्य साधारण ३० टक्के, म्हणजे ९० हजार. विशेष सरेंडर मूल्य याहून जास्त असू शकतं. आपण एक लाख धरू. हा लाख सोडून आणि उरलेले बारा लाख भरून अठरा वर्षांनी ३५ लाख आले, तर पुढचा परतावा पावणेसात टक्क्यांच्या आसपास पडतो. साडेपाचाहून हा आकडा बरा दिसतो, कारण नुकसान आधीच सोसून झालंय. तरी बोनसची हमी नाही. पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निधीचं खातं, मात्र एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के देत आलंय, आणि तिथं एखाद्या वर्षी पाचशे रुपये भरले तरी खातं चालू राहतं. तुमच्यासारख्या ओढाताणीच्या घराला ही मोकळीक फार मोलाची आहे. म्हणून तिसरा हप्ता भरू नका.

पण क्रम चुकवू नका. तुम्ही गेलात तर आज घराला फक्त १५ लाख मिळतील, त्यातले बहुतेक गृहकर्जातच जातील. आधी साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घराला पैसे देणारा विमा, घ्या. तब्येत चांगली असेल आणि तंबाखू नसेल तर वर्षाला वीस-पंचवीस हजार. तंबाखू असेल तर अर्जात खरं लिहा, नाहीतर दावा अडकतो. ती पॉलिसी हातात आल्यावरच जुनीचा हप्ता थांबवा.

मग तक्रार. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, की एफडी सांगून विमा विकला. पॉलिसी देताना कंपनीनं केलेल्या पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंग आणि प्रस्ताव अर्जाची प्रत मागा. अर्जात तुमचं उत्पन्न फुगवलेलं आहे का, तेही तपासा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत मात्र जायला हवं. तुमची सही सगळीकडे आहे, त्यामुळे सगळे पैसे परत येतीलच अशी आशा मी देणार नाही. तरी तक्रारीचा निकाल लागेपर्यंत सरेंडर करू नका, केलंत तर करारच संपतो आणि बाजू लंगडी पडते. तक्रार फेटाळली गेली तर सरेंडर आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी मुदतीपर्यंत तशीच ठेवली तर शेवटी मिळणारी रक्कम), दोन्ही आकडे लेखी घ्या. आजचा एक लाख ७ टक्क्यांनी अठरा वर्षांत तीन लाख चाळीस हजार होतो. पेड-अप त्याहून कमी देत असेल तर सरेंडर.

आता फरशी. वरच्या मजल्यावर दोन्ही नको. लॅमिनेटच्या पोटात दाबलेल्या लाकडी तंतूंचा पट्टा असतो. पाणी सांध्यातून आत गेलं की तो फुगतो, आणि फुगलेली पट्टी घासून सरळ करता येत नाही, बदलावीच लागते. इंजिनिअर्ड वुडवर खऱ्या लाकडाचा थर असतो. तो जाड असला तर एक-दोनदा घासून पॉलिश होतो, पण पाण्याशी त्याचंही वैरच. लातूरच्या उन्हाळ्यात मुलं कूलर लावणार, त्याची टाकी बादलीनं भरणार, सांडणार. फरशी ओल्या फडक्यानंच पुसली जाणार. त्यात तुमचं बांधकाम नवं, कोब्यात ओल असू शकते.

दोन हजार जास्त भाड्याचंही बघा. मेमध्ये नीट झाली की खोल्या रिकाम्या. दहा महिने धरले तर वर्षाला २० हजार. नुसत्या लॅमिनेटच्या १ लाख १४ हजारांवरचा कर्जहप्ता वर्षाला ३१ हजार. २०१६ साली ज्या शहरात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं खोली बघायला आलेला बाप आधी बोअरला पाणी आहे का विचारतो, मग क्लास किती लांब ते. लाकडी दिसणारी व्हिट्रिफाइड टाइल मजुरीसकट शंभर रुपये फुटात बसते. ६० हजार, तुमच्या बचतीतून, कर्ज नाही. भाडं सुरू झालं की पहिल्या वर्षी ते सगळं खात्यात साठू द्या, तीन महिन्यांचा खर्च जमेपर्यंत.

वहिनींची हौसही खरी आहे. खालच्या तुमच्या बेडरूममध्ये, १२० फुटांत, आहे त्या फरशीवर फोम अंथरून लॅमिनेट बसतं. २३ हजार, पुढच्या वर्षी. झीज सोसण्याचा एसी-४ दर्जा असलेलं घ्या. पेट्या खोलीत आणून दोन दिवस ठेवायला सांगा आणि भिंतीलगत ८-१० मिलिमीटर फट सोडायला लावा, ती स्कर्टिंगखाली झाकते. मिस्त्री घाईत ही फट विसरतात आणि पावसाळ्यात फरशी मधूनच उचलते. पुसायला घट्ट पिळलेलं फडकं, पलंगाच्या पायांना फेल्ट, आणि कूलर त्या खोलीत नको.

हप्त्याच्या तारखेनंतर तीस दिवसांची सवलत असते. टर्म इन्शुरन्सचा अर्ज या आठवड्यात भरा, म्हणजे ती मुदत पुरेल. आणि वैयक्तिक कर्जाचा अर्ज दिला असेल तर उद्याच मागे घ्या.