खेड्यातल्या वेल्डिंगच्या दुकानात स्वस्त सीएनसी कटिंग टेबल बनेल का?

बनेल भाऊ. सीएनसी टेबल म्हणजे संगणकाच्या हुकमानं प्लाझ्मा टॉर्च फिरवणारं टेबल; टॉर्चमधून निघणारा विजेचा तप्त झोत लोखंड कापतो. तुम्ही आर्वीकडचे, डवऱ्या-वखराच्या पासा आणि गेटाची नक्षी कापायची म्हणता, तर ४ बाय ४ फुटाचं टेबल पुरे.

टॉर्च लोखंडाला टेकत नाही, कापताना जोर येत नाही. म्हणून लाकूड कोरणाऱ्या राउटर मशीनसारखा जड सांगाडा नको. चौकोनी पाइप चालतो. पण काटकोन चुकवू नका. दोन्ही कर्ण टेपनं मोजा, सारखे आले की मगच पक्कं वेल्डिंग.

आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोल बोर्ड, त्यावर मोटरी चालवणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर, नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटरी, एवढ्यात काम भागतं. पैसा वाचवायचा तो इथं, प्लाझ्मा मशीनमध्ये नाही. हाय फ्रिक्वेन्सी स्टार्टवालं, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विजेनं ठिणगी पाडणारं स्वस्त मशीन आम्ही घेतलं आणि पस्तावलो. ट्रिगर दाबला की लॅपटॉपचं कनेक्शन तुटे, टॉर्च अर्ध्या नक्षीवर उभी! शिल्डवाली केबल टाकली, टेबलाला वेगळं अर्थिंग दिलं, तेव्हा कुठं थांबलं. तुम्ही ब्लोबॅक स्टार्टवालंच पाहा, त्यात हवेच्या दाबानं टॉर्चमधले भाग सुटे होऊन ठिणगी पडते.

कॉम्प्रेसरला पाणी गाळायचा फिल्टर लावाच. पावसाळ्यात ओली हवा नोझल खाते. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कट खालून सुटत नाही, त्यामुळं जाड पत्रा सकाळीच घ्या.

पातळ पत्रा तापून फुगतो, टॉर्चला घासतो. खाली पाण्याचा ट्रे ठेवला तर फुगणं आणि धूर दोन्ही कमी होतात. मात्र त्या पाण्यावर ॲल्युमिनियम कापू नका, हायड्रोजन साचून भडका उडतो.