बँड काढायचा, म्हणजे मी नापास झाले का?

‘डॉक्टर म्हणतात, बँड काढून बायपास करू. म्हणजे पहिली शस्त्रक्रिया माझ्यामुळेच वाया गेली ना?’

वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांबरोबर मी समुपदेशक म्हणून काम करते. ज्यांच्या पोटात आधीच गॅस्ट्रिक बँड, म्हणजे खाणं कमी व्हावं म्हणून जठराभोवती बसवलेलं कडं आहे, आणि ज्यांना आता तो काढून जठराचा बायपास (हृदयाचा नव्हे) सुचवला आहे, त्यांच्याकडून हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. कोणी हसत विचारतं, कोणी चिडून. काही जण विचारतच नाहीत, पण बोलता बोलता ‘चूक माझीच’ हे शब्द पुन्हा पुन्हा तोंडात येतात. अशाच एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई शिक्षिका. वय चाळिशीच्या पुढे. बँड बसवून दहाएक वर्षं झालेली. पहिली दोन वर्षं वजन चांगलं उतरलं, तिसऱ्या वर्षी थांबलं आणि मग हळूहळू चढायला लागलं. माझ्यासमोर बसल्या त्या जाडजूड फाइल घेऊन. बँडमध्ये कधी किती सलाईन भरलं, कधी किती काढलं, याची तारीखवार नोंद त्यांनी ठेवली होती. शस्त्रक्रियेआधी समुपदेशकाकडे पाठवलं म्हणजे तोंडी परीक्षाच, अशी त्यांची समजूत होती. उत्तरंही पाठ करून आणल्यासारखी: ‘मी चावून खाते. मी गोड खात नाही. मी रोज चालते.’

असं ऐकलं की मी आधी एवढंच सांगते की इथे गुण द्यायचे नसतात. खरं सांगितलंत तर सर्जनला योग्य शस्त्रक्रिया निवडता येईल, नाहीतर पाच वर्षांनी याच खुर्चीत पुन्हा बसायची पाळी येईल. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘रात्री सगळे झोपले की मी आइस्क्रीम खाते, मॅडम. रोज. कारण तेवढंच उतरतं.’

या ‘उतरतं’वर आमचा उरलेला सगळा वेळ गेला.

बँड म्हणजे सिलिकॉनचं कडं. अन्ननलिका संपते त्याच्या जरा खाली, जठराच्या वरच्या टोकाभोवती ते बसवतात. त्यामुळे वर एक छोटीशी पिशवी तयार होते. कड्याच्या आतल्या अंगाला फुगा असतो आणि त्याची नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या पोर्टला जोडलेली असते. पोर्टमध्ये सुई घालून सलाईन भरलं की कडं आवळतं, काढून घेतलं की सैल पडतं. फुगवता येणारा असा बँड लुबोमिर कुझमाक यांनी ऐंशीच्या दशकात वापरात आणला. १९९३ साली बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीतून बसवला, आणि २००१ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेनं मान्यता दिल्यावर त्याचा बोलबाला झाला. ते साहजिकच होतं. काही कापायचं नाही, आतडं जोडायचं नाही, हवा तसा घट्ट-सैल करता येतो आणि नकोसा झाला तर काढता येतो. शस्त्रक्रियेला घाबरणाऱ्या माणसाला याहून गोड काय वाटणार? त्या काळात ज्यांनी बँड निवडला, त्यांनी समोर असलेल्या माहितीवर समंजस निर्णय घेतला होता. आज मागे वळून त्यांना वेड्यात काढणं मला पटत नाही.

पण वर्षं गेली तसं चित्र पालटलं. अमेरिकेत २०११ साली वजनाच्या दर तीन शस्त्रक्रियांमागे साधारण एक बँडची होती; २०१९ पर्यंत हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली गेलं. त्याच काळात, जुनी शस्त्रक्रिया बदलून नवी करून घेणाऱ्यांचा हिस्सा वाढत गेला.

बाईंचं काय झालं होतं, ते बँडवाल्या कित्येकांचं होतं. बँड सैल असला की भूक लागते आणि कितीही खाता येतं. आवळला की घन पदार्थ अडकतात. पाव अडकतो, मांस अडकतं, तंतू असलेल्या भाज्या अडकतात. छातीच्या मधोमध दुखायला लागतं, तोंडाला लाळ सुटते आणि न्हाणीघर गाठावं लागतं. या दोन टोकांच्या मध्ये एक नेमकी जागा असते, तिला बँडवाले ‘ग्रीन झोन’ म्हणतात. थोडं खाऊन पोट भरतं, पण काही अडकत नाही. काहींना ती सापडते आणि टिकतेही. त्यांचा बँड उत्तम चाललेला असतो आणि त्यांनी तो उगाच काढायला जाऊ नये. बाईंना मात्र ती कधी नीट सापडलीच नाही. भर, काढ, पुन्हा भर, असं फाइलभर चाललेलं.

त्यात कडं अडवतं ते चावून खायच्या अन्नाला. वितळणारं, पातळ, मऊसूत असं काहीही त्यातून सरळ खाली जातं. दारावरचा पहारेकरी मोठ्या गाठोड्यांना हटकतो, पण खिशातून काय गेलं ते त्याला दिसत नाही, तशातला प्रकार. आणि नेमकं वितळणारंच बहुधा गोड आणि तुपकट असतं. डाळी-भाज्या-मांस अडकतंय, आइस्क्रीम आणि चॉकलेट उतरतंय, आणि भूक तर लागलेली आहे. अशा वेळी शरीर काय शिकणार? मी बाईंना विचारलं, ‘बँडच्या आधी रात्री आइस्क्रीम खात होता?’ त्या आठवत राहिल्या. ‘नाही. तेव्हा मी जेवायची.’

हे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. ज्या सवयीबद्दल त्या दहा वर्षं स्वतःला हावरट म्हणत होत्या, ती बँडनंतर लागलेली होती. एकटीनं खाण्याचं मूळही तिथेच होतं. चारचौघांत घास अडकेल, उठून पळावं लागेल, या भीतीनं त्यांनी लग्नकार्यात आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये खाणं सोडलं होतं. घरच्यांना वाटायचं, काय संयम आहे हिचा!

भुकेचाही मुद्दा होता. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ साली सापडलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण किंवा त्याहून थोडा जास्त भाग कापून काढतात, त्यात हा फुगीर भाग जातो आणि घ्रेलिन बरंच उतरतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या भागाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न लवकर आतड्यात पोचतं आणि पोट भरल्याची खूण देणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जेवणानंतर जास्त स्रवतात. बँडनं यातलं फारसं काही होत नाही. म्हणजे बँडवाला माणूस वजन उतरवत असतो ते भूक शाबूत असताना. स्लीव्हवाल्या मैत्रिणीशी स्वतःची तुलना करून ‘तिला जमलं, मला नाही’ म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम समजावते.

बाईंचं मन थोडं हलकं झालं, पण मी तिथेच थांबले नाही. ‘दोष बँडचा’ हे कळल्यावर माणूस कधी कधी दुसऱ्या टोकाला जातो आणि नव्या शस्त्रक्रियेकडून चमत्काराची वाट पाहू लागतो. म्हणून मी प्रत्येकाला विचारते: बँड का सोडायचाय? शस्त्रक्रिया कोणती, हा प्रश्न त्याच्या मागून यावा, कारण पुढची वाट बरीचशी त्या ‘का’वर ठरते. बँड जागेवरून सरकला असेल, वरची पिशवी फुगली असेल, अन्ननलिका रुंदावली असेल, कडं जठराच्या भिंतीतून आत घुसलं असेल, तर तो काढावाच लागतो; तिथे इच्छाशक्तीचा काही संबंध नाही. पोर्ट उलटणं किंवा नळी गळणं हे दुरुस्तही होऊ शकतं. आणि बँड जागेवर असून वजनच उतरत नसेल, तर मग खरा विचार करायला बसावं लागतं.

बाईंना रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं, उशा रचून झोपावं लागायचं. बेरियमचं द्रावण पाजून केलेल्या एक्स-रे तपासणीत बँड सरकलेला दिसला. त्यांना स्वतःला स्लीव्ह हवी होती, कारण आतड्याला हात लावायचा नव्हता. पण स्लीव्हनंतर आम्लपित्ताचा हा त्रास वाढू शकतो आणि बायपासनंतर तो बहुधा कमी होतो, म्हणून सर्जननं बायपास सुचवला होता. हे त्यांना आधी सांगितलं गेलं होतं, पण ‘दुसरी शस्त्रक्रिया’ एवढंच ऐकून त्यांचे कान बंद झाले होते. नाराजी मनात असली की माहिती आत जात नाही, असा माझा अनुभव आहे.

याउलट एक गृहस्थ आले होते, बँड तांत्रिकदृष्ट्या ठीक, वजन तसंच. घाई फार. बोलण्यातून कळलं की वर्षभरापूर्वी जवळचं माणूस गेलं आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी दारू सुरू झाली. बायपासनंतर दारू भराभर चढते आणि व्यसन लागण्याचा धोका वाढतो. त्यांना मी थांबायला सांगितलं. ते रागावले आणि परत आले नाहीत. प्रत्येक गोष्टीचा शेवट हाती लागत नाही.

बाईंच्या नवऱ्याचा प्रश्न वेगळा होता: ‘नुसता बँड काढला आणि पुढे काही केलंच नाही तर?’ रास्त प्रश्न. काही जण तसं करतात, पण बहुतेकांचं वजन परत चढतं. आता वजनाची परिणामकारक इंजेक्शनंही आली आहेत. त्यातल्या सेमाग्लुटाइडला अमेरिकेत वजनासाठी २०२१ साली मान्यता मिळाली. हा पर्यायही डॉक्टरांना जरूर विचारावा. बाईंनी विचारला, विचार केला, आणि बायपासच निवडला.

जुन्या बँडभोवती जखमेचा घट्ट वण तयार झालेला असतो, त्यामुळे दुसऱ्या शस्त्रक्रियेत शिवण गळण्यासारखे धोके पहिल्यापेक्षा जास्त. वजनही पहिल्यांदाच बायपास करणाऱ्यांइतकं उतरेल असं धरून चालू नये. हे दोन्ही मी नवरा-बायको दोघांनाही स्पष्ट सांगितलं. त्यांच्या बाबतीत सर्जननं काम दोन टप्प्यांत करायचं ठरवलं: आधी बँड काढायचा, जठराची सूज उतरू द्यायची आणि काही महिन्यांनी बायपास.

या मधल्या महिन्यांबद्दल कोणी फारसं बोलत नाही. बँड निघाल्यावर, साधं जेवण सुरू करायची परवानगी मिळाली त्या दिवशी बाईंनी पावाचा तुकडा खाल्ला आणि तो गेला. कुठेही न अडकता गेला. त्यांनी तिथेच टेबलाशी बसून रडून घेतलं. पुढच्या आठवड्यात मला फोन, आवाजात घबराट: ‘मला थांबताच येत नाहीये.’ दहा वर्षांत पहिल्यांदा पोटात जागा होती, भूक होती आणि अडवणारं काही नव्हतं. वजन वाढलं. त्यांना वाटलं, आता शस्त्रक्रिया रद्द होणार. मी आहारतज्ज्ञांना जोडून घेतलं. वेळ ठरवून जेवायचं, जेवणात आधी प्रथिनं घ्यायची, आणि सगळ्यात कठीण म्हणजे टेबलावर सगळ्यांसोबत बसून खायचं. काट्यावर रोज उभं राहणं मी बंद करायला लावलं. सर्जनलाही मी कळवलं की या वाढीकडे बेशिस्त म्हणून पाहू नका. ते म्हणाले, त्यांना ती अपेक्षितच होती. ही गोष्ट बाईंना कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. आता मी प्रत्येकाला आधीच सांगते.

बायपास होऊन आता वर्ष उलटलं. उशा रचणं संपलं. एकदा त्यांनी जुन्या सवयीनं रात्री आइस्क्रीम खाल्लं आणि घाम, धडधड, जुलाब असा सगळा डंपिंगचा, म्हणजे गोड अन्न भराभर आतड्यात उतरल्यानं होणाऱ्या त्रासाचा, अनुभव घेतला. ‘आता हे पण उतरत नाही,’ म्हणाल्या, पण या वेळी हसत. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचंय, रक्ततपासणी चुकवायची नाही, आणि डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घ्यायची नाही, कारण पिशवी आणि आतड्याच्या जोडाशी व्रण (अल्सर) होऊ शकतो. त्या हे सगळं पाळतात. नवी फाइल केली आहे, तीही तारीखवार.

वजन त्यांना हवं होतं तितकं उतरलेलं नाही. मैत्रिणीइतकं तर नाहीच. त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.