फायरफिश आजारी नाही, घाबरलाय

प्रश्न : नमस्कार, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलाच्या हट्टापायी शंभर लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक केलाय, त्यात एक निळा डॅमसेल मासा आधीपासून आहे आणि नंतर दोन फायरफिश आणले, पुढून पांढरे आणि शेपटीकडे लालभडक असतात ते. एक सकाळी फरशीवर वाळून पडलेला सापडला, मुलगा दिवसभर जेवला नाही. दुसरा सारखा दगडामागे असतो, अंगावर ठिपके वगैरे काही नाहीत पण खायला बाहेर येत नाही. दुकानदार म्हणतो जोडीला अजून एक न्या म्हणजे रमेल, औषधाची बाटलीपण दिलीय. टाकू का? आणि मे महिन्यात पाणी ३१ डिग्रीला जातंय, काचेचं झाकण लावलं तर अजून तापतं म्हणून उघडाच ठेवलाय.

उत्तर : ताई, औषध टाकू नका आणि दुसरा फायरफिश तर आत्ता अजिबात आणू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून मासा आजारी वाटत नाही, तो घाबरलाय. समुद्रात हा मासा प्रवाळाच्या कडेला आपल्या बिळाच्या जरा वर, प्रवाहाकडे तोंड करून तरंगत असतो, वाहत येणारे बारीक जीव टिपतो आणि नुसती सावली हलली तरी सुळकन बिळात जातो. त्याचा सगळा धीर त्या बिळावर असतो. तुमच्याकडे बीळ नाही आणि वरून डॅमसेल, जो अख्खा टँक आपलाच समजतो. खाली शिरायला जागा नसली की फायरफिश वर पळतो, म्हणजे सरळ टँकबाहेर, रात्री अंधारात एकदम लाइट लावला तरी उडी मारतो, तुमचा पहिला बहुतेक असाच गेला.

तर आधी बीळ. प्लंबिंगच्या दुकानात पाऊण इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, मिळतात, नवे घ्या, स्वच्छ धुवा आणि दगडाच्या पायथ्याशी वाळूत अर्धे पुरा, दोन-तीन ठिकाणी, म्हणजे डॅमसेलने एक अडवलं तरी दुसरं आहे. जमलं तर डॅमसेल परत देऊन टाका, तो वयाबरोबर अजून दांडगा होतो, मी असते तर हेच केलं असतं.

मग झाकण, पण काचेचं नको, सांगलीच्या उन्हाळ्यात तर नकोच. लाकडी किंवा प्लास्टिकच्या फ्रेमवर बारीक नायलॉनची जाळी ताणून बसवा, वायर जाते तिथे फट ठेवू नका, लोखंडी जाळी गंजते ती वापरू नका. जाळीतून वाफ बाहेर जाते, आणि पाण्यावरून छोटा पंखा फिरवला की दोन-तीन डिग्री उतरतात, आपल्याला २५ ते २७ पाहिजे. पंख्याने पाणी भराभर उडतं, पण मीठ काही उडत नाही, म्हणून रोज जेवढी पातळी कमी होईल तेवढं गोडं आरओचं पाणी घाला, खारं नाही. बोअरचं जड असतं, नळाच्यात क्लोरीन असतं, दोन्ही नको. पाण्याचा खारटपणा, म्हणजे विशिष्ट गुरुत्व, १.०२३ ते १.०२५ मध्ये राहतं का ते बघत जा. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो, त्यामुळे लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच.

खायला फ्रोझन आर्टिमिया किंवा मायसिस, म्हणजे गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव, थोडं थोडं दिवसातून दोनदा, प्रवाहात सोडा म्हणजे त्याच्या दारापर्यंत वाहत जाईल. मुलाला सांगा चार-पाच दिवस काचेवर टकटक करायची नाही आणि समोर पळायचं नाही. तरीही खात नसेल तर पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी घटक तपासा, दोन्ही शून्य पाहिजे.

जोडीचं म्हणाल तर कुठलेही दोन एकत्र टाकले की जोडी होत नाही, बऱ्याचदा एक दुसऱ्याला मरेपर्यंत पळवतो. शिवाय दुकानातले फायरफिश बहुतेक समुद्रातून पकडलेलेच असतात. हा नीट खायला लागला, मोकळा फिरायला लागला की मग हॅचरीतला, म्हणजे पैदास केंद्रातला, छोटा क्लाउनफिश विचारा, आपल्याकडे सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास कशी करायची ते बसवलंय, ते टँकमध्येच वाढलेले असल्याने लवकर रुळतात. आणि कोणी जिवंत कोरल दाखवलं तर घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला संरक्षण आहे, कोरडे दगड या माशाला पुरतात.