पाचट जाळावे की रानातच ठेवावे?

प्रश्न : मोहोळ तालुक्यात आमचे ८ एकर काळे रान असून निम्म्यात ऊस आणि निम्म्यात कोरडवाहू शाळू (रब्बी ज्वारी) असतो. तोडणीनंतर पाचट (उसाची वाळलेली पाने) पेटवण्याची घरची रीत आहे. आता अवशेष रानातच ठेवावेत, असे सगळे सांगतात. शाळूलाही तेच लागू पडते काय?
— एक वाचक

उत्तर : पाचट जाळू नये, हे निःशंकपणे सांगता येते, शाळूचे गणित मात्र वेगळे आहे.

हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते आणि त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे काडी लावताच ४० ते ५० किलो नत्रापैकी बहुतेक धुरात जाते. राखेत उरते ते मुख्यतः पालाश (पोटॅश). पाचट तसेच पसरून ठेवल्यास ते कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि खोडवा (तोडणीनंतर उरलेल्या बुडख्यांतून फुटणारे पीक) पिवळा दिसू लागतो. म्हणून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यावे. त्याआधी बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढून बुडखे जमिनीलगत छाटावेत, अन्यथा फुटवे दबतात. पाणी साचणाऱ्या चोपण रानात जाड थर देऊ नये, कारण तेथे ओल टिकणे हाच तोटा ठरतो. खोडकिडीने पोखरलेले ऊस मात्र वेचून बाहेर काढावेत.

शाळू परतीच्या पावसाने मुरलेल्या ओलीवर वाढतो. काळी जमीन वाळताना भेगाळते आणि त्या भेगांतून खोलवरची ओलही उडून जाते; आच्छादनाने जमीन सावलीत राहते, भेगा उशिरा पडतात आणि दाणा भरेपर्यंत ओल पुरते. आपल्या भागात अवशेषांचा खरा लाभ खतापेक्षा या पाण्यात आहे, असे आमचे मत आहे. परंतु कडबा (शाळूची वाळलेली ताटे, म्हणजे जनावरांचा चारा) रानात पसरा, असा सल्ला आम्ही देणार नाही. टंचाईच्या वर्षी मालदांडी या शाळूच्या वाणाच्या दाण्याइतकेच मोल त्याच्या कडब्याला येते. त्याऐवजी तुरीच्या काड्या, वाळलेले गवत किंवा बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा पाला, पीक उगवून आल्यावर दोन ओळींमध्ये पसरावा. पेरणीपूर्वी पसरल्यास पाभरीच्या (पेरणीच्या अवजाराच्या) फणांत काडी अडकते आणि बियाणे वरच राहते.