मुलगी ‘उठाठेव’ करते, ती करू द्या

फोंडा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

“मुलगी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कथकमध्ये विशारद झाली आहे आणि तिला नृत्यातच राहायचं आहे. मी तिला दोन वर्षं दिली आहेत. तेवढ्यात नाव झालं नाही तर सरकारी भरतीच्या परीक्षा द्यायच्या, असं ठरलंय. पण ती स्वतःचा रियाज सोडून दुसऱ्यांची उठाठेव करत बसते. दुसऱ्या क्लासचा कार्यक्रम असला की लाइटवाल्याशी बोल, तबलजीला फोन लाव, समितीवाल्यांना पटव. तिच्या गुरूंनाही हे पसंत नाही. म्हणून मी तिचं तिकडे जाणं बंद केलं. तिला एम. ए.साठी पुण्याला पाठवावं का?”

पुण्याचं नंतर बघू. “दोन वर्षं दिली आहेत” हे वाक्य मला खटकलं. वर्षं तिच्या आयुष्यातली आहेत, ती तुम्ही कुठून दिलीत? आणि ‘नाव’ म्हणजे नेमकं काय, हे अख्ख्या पत्रात कुठेच नाही. पेपरात फोटो? एखादा पुरस्कार? माप न सांगता मुदत घातली की घरातलं प्रत्येक जेवण म्हणजे परीक्षा होते. मुलगी रियाजाला बसली की कॅलेंडरकडे बघते. कथकसारख्या नृत्यात विशारदनंतर खरा अभ्यास सुरू होतो, आणि तुम्ही नेमकं तिथेच घड्याळ लावलंत.

पण मला याहून जास्त काळजी वाटली ती तुम्ही बंद केलेल्या गोष्टीची. तुम्ही तक्रार म्हणून जे लिहिलंत, तेच या पत्रातलं तिचं सगळ्यात मोठं भांडवल आहे.

“चांगलं नाचली की बोलावणं आपोआप येतं” हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. बोलावणारे कोण आहेत ते बघा. कला अकादमी आहे, कला व संस्कृती संचालनालय आहे, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी, कुडचडे, वास्को इथली रवींद्र भवनं आहेत. गोवा पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात येतो, त्याचं मुख्यालय उदयपूरला. 2016 पासून डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव होतो. आणि या सगळ्यांपेक्षा तुमच्या घराजवळचा आयोजक म्हणजे देवस्थानची उत्सव समिती. तिथे बसणाऱ्याला नाट्यसंगीत कळतं, भजन कळतं, दशावतार तर रक्तातच असतो. कथकमधला तत्कार (पायांचं काम) आणि तुकडा (बोलांची छोटी रचना) त्याला कळेलच असं नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, “किती माणसं येणार आणि जेवायला किती?” दुसरा, “किती वेळ?” तिसरा, “पैसे किती?” या तिन्हींची सरळ उत्तरं देणाऱ्या माणसालाच तो पुढच्या वर्षी पुन्हा फोन करतो. कला ऐकण्या-बघण्याची वेळ त्यानंतर येते.

मग सभामंडपात गेल्यावरचे प्रश्न. फरशी गुळगुळीत, कुठेतरी समईचं तेल सांडलेलं, खांबामुळे अर्ध्या लोकांना नर्तकी दिसत नाही. साउंडवाला भजनाच्या सवयीने माइकला एको देतो आणि पढंत, म्हणजे तोंडाने म्हटलेले नृत्याचे बोल, गढूळ होऊन जाते. हे आधी जाऊन बघणारं, न भांडता सुधारून घेणारं माणूस प्रत्येक क्लासला हवं असतं आणि जवळजवळ कुणाकडेच नसतं. तुमची मुलगी ते काम आताच करते, तेही कुणी न शिकवता.

दुसऱ्या क्लासची मुलं प्रतिस्पर्धी, हा विचार गोव्यापुरता तर मला निव्वळ खुळचट वाटतो. शास्त्रीय नृत्याचा प्रेक्षक आपल्याकडे मुळात मूठभर. एकाच रविवारी दोन क्लासचे कार्यक्रम लागले की दोन्ही सभागृहांत फक्त पालक बसलेले दिसतात. चार-पाच क्लासच्या माजी विद्यार्थिनींनी वर्षाच्या सुरुवातीला तारखा एकमेकींना कळवल्या तरी यातलं बरंच टळेल. कथकला इथे एक मोठी सोय आहे. गावोगाव भजनामुळे तबला आणि हार्मोनियम वाजवणारे हात आहेत. लेहरा (तालासाठी पुन्हा पुन्हा वाजणारी धून) धरायला आणि कथकची साथ करायला त्यांतल्या चौघांना तयार केलं, तर ते सगळ्याच क्लासना पुरतील. एकट्या गुरूला हे झेपत नाही. पाच जणींना झेपतं.

आणि फक्त कथकवाल्यांनीच एकत्र यावं असं कुठे आहे? काणकोण-सत्तरीकडच्या फुगडी, धालो, समई नृत्य अशी लोकनृत्यं करणाऱ्या बायका वर्षानुवर्षं आपापली पथकं चालवतात. पथक टिकवणं, गाडी ठरवणं, मानधन वाटून घेणं यात त्या तुमच्या-माझ्यापेक्षा तयार आहेत. तिला त्यांच्याकडे शिकायला पाठवा. (त्यांच्या दोन हालचाली उचलून ‘फ्यूजन’ करायला नको, ते पुष्कळ झालं.) सीमेपलीकडे सावंतवाडी, बेळगाव, कारवार काही तासांवर आहेत. तिकडच्या कलाकारांना इकडे एक बैठक द्यायची, आपण तिकडे एक करायची. मुंबईच्या बोलावण्याची वाट बघण्यापेक्षा हे लवकर होतं.

गुरूंची नाराजी तिला स्वतः बोलून सोडवू द्या. मध्ये पडू नका. दुसऱ्याचा कार्यक्रम बघितल्याने गुरुनिष्ठा कमी होत नाही, हे तिने नम्रपणे सांगितलं तर बहुतेक गुरूंना पटतं. नाही पटलं, तर तेही तिला कळायला हवं.

आता तुमचे प्रश्न. पुण्याच्या ललित कला केंद्रात नृत्याची एम. ए. चांगली आहे, जायचं तर शिकायला आणि माणसं जोडायला जावं, नाव करायला नव्हे. केंद्र सरकारच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयात मिळते, महिना 5000 रुपये, दोन वर्षं, अर्ज करावा. भरतीची परीक्षा तिला द्यायची असेल तर द्यावी. सरकारी नोकरी सांभाळून रंगभूमी गाजवणारे गोव्यात काय कमी आहेत? पण तो निर्णय तिचा असू दे.

मला विचाराल तर तिने नृत्य सोडू नये, आणि त्याच्या जोडीला कार्यक्रमांचं नियोजन हा रीतसर व्यवसाय करावा. तिची बी. कॉम. इथेच उपयोगी पडेल. अनुदान मागायचं तर नोंदणीकृत संस्था आणि तपासलेले हिशेब दाखवावे लागतात, देणगीदाराला देणगीवर आयकरात सवलत हवी असते, आणि घुंगरू बांधणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ताळेबंद वाचता येतो. सुरुवातीची तीन-चार वर्षं कमाई तुटपुंजीच असेल. शिकवण्याचे दोन वर्ग त्याला जोड देतील.

बंदी उठवा, मुदतही उठवा. अट घालायचीच असेल तर एक घाला: यापुढे दुसऱ्याच्या कार्यक्रमाचं काम फुकट करायचं नाही. काम घेण्याआधी मानधन ठरवायचं आणि ते लिहून घ्यायचं. ओळखीच्यांकडे पैसे मागताना तिची जीभ अडखळेल. तुम्ही दुकान चालवता असं पत्रात आहे. उधारी कशी वसूल करतात ते तिला शिकवा.